निधीनं वाचून दाखवलं

सर्जापूर रोडवरच्या त्या शाळेत मुलांना वाचायला कसं शिकवायचं, एवढी एक गोष्ट ठरवायला इतका गाजावाजा होईल असं कुणाला वाटलं होतं? पण झाला. आणि त्या गाजावाजात एका आईनं आपल्या पोरीचं जे केलं, ते तिचं तिला अजून पचत नाही. त्या आईचं नाव पवित्रा.

पवित्रा त्या शाळेत यूकेजीची मिस. मूळची निपाणीकडची. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी. इंग्रजी तिनं फार उशिरा मिळवलं, आणि कसं मिळवलं ते तिचं तिला ठाऊक. गावच्या मराठी शाळेत गुरुजी इंग्रजीचा धडा म्हणायचे आणि पोरं मागून म्हणायची. अख्खा धडा तोंडपाठ. परीक्षेला तोच धडा, तेच प्रश्न, झालं काम. पवित्राला तर पाठांतराची बक्षिसं मिळालेली. मग ती बेळगावला कॉलेजात गेली. तिथं पहिल्याच आठवड्यात मॅडमनी तिच्या हातात कधी न पाहिलेलं पान दिलं आणि म्हणाल्या, वाच. पवित्रा उभी राहिली ती उभीच. अक्षरं सगळी ओळखीची आणि शब्द एकही लागेना. वर्ग खो खो हसला. नंतर रडतकढत, एकेक अक्षर जुळवत ती वाचायला शिकली, पण तेव्हापासून कुठलंही मूल घडाघडा म्हणायला लागलं की हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून तर तिला फोनिक्सचं एवढं वेड. फोनिक्स म्हणजे काही आकाशातून पडलेली विद्या नव्हे. अक्षराचं नाव शिकवायचं नाही, आवाज शिकवायचा. आवाजाला आवाज जोडला की शब्द होतो. एकदा पोराला हे जोडता आलं की कुठलंही पान पुढे टाका, ते हळू वाचेल, चाचरत वाचेल, पण वाचेल. पवित्रा वर्षानुवर्षं हे आपलं आपणच खडू-फळ्यावर करत आली होती.

आणि मग शाळेच्या डायरेक्टर रंजिता मॅडम दिल्लीला कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या. आल्या त्या कानात वारं शिरल्यासारख्याच आल्या. म्हणे शेजारच्या सगळ्या शाळांत फोनिक्सचा विकतचा प्रोग्राम आहे, आपल्याकडेच नाही. पालक विचारतात. मग काय, कंपन्यांची माणसं टाय लावून रांगेनं यायला लागली. चाळून चाळून शेवटी दोन प्रोग्राम उरले.

एक होता अगदीच साधा. पातळ पातळ पुस्तिका, काळी-पांढरी चित्रं. जेवढे आवाज शिकवून झाले तेवढ्यांचेच शब्द त्या पुस्तिकेत. सॅम सॅट. पॅट सॅट. सॅम अँड पॅट सॅट. वाचणाऱ्याला झोप यावी असली गोष्ट. पण त्यात चोरवाट नव्हती. चित्र बघून अंदाज करायची सोय नव्हती. पोराला यायचं तर खरंच यायचं, नाहीतर नाही.

दुसऱ्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. शाळेतल्या आयाबाया त्याला अस्वलाचा प्रोग्राम म्हणत, आपणही तेच म्हणू. त्यात एक नारिंगी अस्वल स्मार्ट बोर्डावर नाचायचं, गायचं, वाक्य म्हणायचं, आणि पोरांनी मागून म्हणायचं. गुळगुळीत कागदाची देखणी पुस्तकं. पानभर चित्र आणि खाली एक ओळ. घरी आईबापाच्या फोनवर अ‍ॅप, अ‍ॅपमध्ये अस्वल टाळ्या वाजवणार. फोनिक्सचं नाव मोठ्या अक्षरात, पण आतमध्ये गाणं आणि पाठांतर. म्हणजे निपाणीचे गुरुजीच की, फक्त आता त्यांना नारिंगी केस फुटले होते.

पवित्रानं रंजिता मॅडमना हे तोंडावर सांगितलं. मॅडम हसल्या. वाईट बाई नव्हती ती, पण शाळा चालवायची म्हणजे पालकांच्या तोंडाकडे बघून चालवायची, हे तिच्या रक्तात भिनलेलं.

"एक काम करू पवित्रा," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या ए सेक्शनला हा साधा प्रोग्राम. बी सेक्शनला अस्वल. एक टर्म दोन्ही चालवू. मग एक वाचनाचा दिवस ठेवू, पालकांना बोलवू, मुलं वाचून दाखवतील. पालक म्हणतील तो ठेवू."

"पण न पाहिलेलं पान द्यायचं हं मॅडम, दोन्ही सेक्शनना," पवित्रा म्हणाली.

"सरी, सरी," मॅडम कन्नडात बरं बरं करत म्हणाल्या, "बघू," आणि फोन घेतला.

बघू. ह्या बघूवर विश्वास ठेवला तिथंच पवित्राचं चुकलं.

आता बी सेक्शनची मिस कोण? अंजली. नागपूरची, नवऱ्याच्या मागे बंगळूरला आलेली, नवरा व्हाइटफील्डला कुठल्याशा आयटी पार्कात. पोरगी हसतमुख, कामाला वाघ, पण शिकवण्यातला दुसरा-तिसराच टर्म. अस्वलानं तिचं निम्मं काम केलं, ते तिच्या पथ्यावर पडलं. आणि बी सेक्शनमध्ये होती निधी. पवित्राची निधी. शाळेचा नियमच होता, की मिसचं मूल मिसच्या वर्गात बसवायचं नाही. पवित्रानं त्यावर हूं की चूं केलं नाही. उलट तिला वाटलं, बरंच झालं, कुणी म्हणायला नको की हिनं आपल्या पोरीसाठी काही केलं.

आणि इथूनच पुढचं सगळं बिघडत गेलं.

पवित्राला तत्त्वाचा भारी सोस. तिनं मनाशी ठरवलं, टर्म संपेपर्यंत निधीला घरी एक अक्षर शिकवायचं नाही. का? तर बी सेक्शनमधल्या एका मुलीला आपण घरी आपल्या पद्धतीनं शिकवलं आणि ती वाचायला लागली, तर श्रेय अस्वलाला जाणार. तुलना नासणार. तुलना! स्वतःच्या पोटच्या पोरीला हिनं तागडीत घालून ठेवली.

निधी मोठी चौकस पोर. किराण्याच्या दुकानात बिस्किटाचा पुडा हातात घ्यायची आणि विचारायची, "आई, हे काय लिहिलंय?" रस्त्यानं जाताना पाट्या दाखवायची, "आई, हे?" आणि पवित्रा, जी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या ओठांवर बोट ठेवून आवाज काढायला शिकवायची, ती आपल्या लेकीला सांगायची, "तुझ्या मिसना विचार." पहिल्यांदा निधी हिरमुसली. मग पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. मग विचारायचीच थांबली. पवित्राला ते कळलं नाही असं नाही. कळलं. पण तिनं स्वतःची समजूत घातली, की टर्म संपू दे, अस्वल हरू दे, मग बसू लेकीला घेऊन महिनाभर. एवढंसं तर आहे.

एका संध्याकाळी तिनं निधीचं अस्वलाचं पुस्तक उघडून तिला सहज म्हटलं, वाच. निधीनं चित्र बघितलं आणि झोकात म्हणाली, "बेअर इज इटिंग मँगो." खाली लिहिलं होतं काहीतरी भलतंच. आंब्याचं नाव नव्हतं. पवित्राचा चेहरा पडला. पडला आणि पोरीनं तो पडताना बघितला. पवित्रानं पुस्तक मिटून ठेवलं आणि ती कुकर लावायला गेली. पण पोरं चेहरे वाचतात, त्याला कुठला प्रोग्राम लागत नाही.

तो चेहरा घेऊन निधी गेली बापाकडे. बाप पद्मनाभ, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचा. माणूस शांत, लेकीवर जीव ओवाळून टाकणारा. निधीनं त्याला काय सांगितलं असेल ते असो, पण त्याच्या मनानं घेतलं, की पोरीला येत नाही म्हणून आई रुसलीय. आणि मग वाचनाचा दिवस आठवड्यावर आला, आणि अंजलीनं, जशी स्नेहसंमेलनाच्या नाचाची तयारी घरी पाठवतात तशी, बी सेक्शनच्या निवडलेल्या मुलांच्या दप्तरात वाचायचं पुस्तक घरी पाठवलं. चिठ्ठी सोबत: कृपया सराव करून घ्यावा. तिला त्यात पाप वाटलं नाही. आपल्याकडे कुठल्या शाळेत पाहुण्यांसमोर पोरांना तयारीशिवाय उभं करतात?

चिठ्ठी पद्मनाभच्या हातात पडली. त्यानं निधीला डोळा मारला. "आईला सांगायचं नाही हं. सरप्राइज."

मग रोज संध्याकाळी, पवित्रा स्वयंपाकात असताना, बापलेक 'फिरायला जातो' म्हणून खाली जायची. बिल्डिंगच्या मागच्या बागेत बाकावर बसायची. पद्मनाभला शिकवायची एकच रीत माहीत, त्याचे वडील आप्पाजी यांनी त्याला पाढे आणि स्तोत्रं शिकवली ती. मांडी घालायची, किंचित डोलायचं, एक ओळ मी म्हणतो, एक ओळ तू म्हण. ओळ पक्की झाली की पुढची. ठेका चुकला की पहिल्यापासून. त्यानं अख्खं अस्वलाचं पुस्तक पोरीकडून तसं घोटून घेतलं. अगदी मनापासून, बायकोला आनंद व्हावा म्हणून. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

वाचनाचा दिवस शनिवारी सकाळी होता. हॉल भरला होता. आईबाप नटून आलेले, हातात फोन तयार. भिंतीवर फुगे. पुढच्या रांगेत अस्वलाच्या कंपनीचा एक माणूस, नारिंगी टाय लावून.

पहिल्यांदा ए सेक्शन. पवित्राच्या मुलांनी न पाहिलेलं पान घेतलं, ठरल्याप्रमाणे. वाचायला लागली. आणि वाचलं हो त्यांनी! अडखळत, कपाळाला आठ्या घालून, बोट ओळीवरून सरकवत, आवाजाला आवाज जोडत. एका मुलीनं शब्द चुकीचा वाचला, थांबली, पुन्हा जोडला, बरोबर केला, आणि मान वर करून हसली. पवित्राला वाटलं उठावं आणि त्या पोरीची पापी घ्यावी. पण हॉलमध्ये चुळबुळ सुरू झालेली. एक बाप फोन बघत होता. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "किती स्लो आहेत ना बिचारी." टाळ्या पडल्या त्याही बिचाऱ्यांनाच पडाव्यात तशा.

मग बी सेक्शन. एकेक पोर आलं आणि कसलं घडाघडा! हात काय, हावभाव काय, आवाजातले चढउतार काय. जणू रेडिओ लावलाय. आईबाप खुर्चीतून अर्धे उठून व्हिडिओ घेतायत. टाळ्यांचा नुसता पाऊस. पवित्रानं अंजलीकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. पुस्तक घरी गेलंय. तिनं रंजिता मॅडमकडे बघितलं. मॅडमनी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

सगळ्यात शेवटी निधी आली. लाल रिबिनी, इस्त्रीचा फ्रॉक. तिनं पुस्तक उघडून छातीशी धरलं आणि सुरू झाली. डोळे पानावर नव्हते. डोळे तिसऱ्या रांगेत. आणि ती डोलत होती. किंचित, पुढं-मागं. पवित्रानं ते डोलणं ओळखलं. हे डोलणं तिच्या घरातलं होतं. सासऱ्यांचं, नवऱ्याचं. तिनं तिसऱ्या रांगेत बघितलं, तर पद्मनाभ बसल्या जागी ओठ हलवत होता, लेकीच्या बरोबरीनं, ओळीमागून ओळ. चेहऱ्यावर कोण कौतुक! निधीनं एक पान संपवलं आणि आईकडे बघून हसली. बघ आई, येतं मला.

काय करायला हवं होतं पवित्रानं? हसायला हवं होतं, दुसरं काय. घरी जाऊन नवऱ्याचा कान धरायचा होता, अंजलीला झाडायचं होतं, मॅडमच्या केबिनचं दार लावून भांडायचं होतं. ह्यातलं काहीही. पण तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, हे खोटं आहे आणि ते जिंकतंय. आता अस्वल येणार, आणि वर्षानुवर्षं ह्या शाळेतली पोरं अशीच डोलत बाहेर पडणार, आणि कुठंतरी, कधीतरी, हातात न पाहिलेलं पान आलं की उभीच्या उभी राहणार. पोरांसाठीच चाललं होतं ते. पण नुसतं पोरांसाठी नव्हतं. आपण हरतोय, तेही सगळ्यांदेखत हरतोय, हेही होतं त्यात, आणि थोडंथोडकं नव्हतं.

ती उठली. स्टेजवर गेली. निधीला वाटलं आई शाबासकी द्यायला आली. तिनं गाल पुढं केला.

"निधी," पवित्रा म्हणाली, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा एक शब्द वाच बरं."

तिनं ओळीच्या मध्यावर बोट ठेवलं. ओळ होती, बेअर पुट ऑन हिज यलो बूट्स अँड रॅन टू द रिव्हर. बोट होतं 'रॅन'वर. तीन अक्षरं. ए सेक्शनच्या पोरांनी असले शब्द पहिल्या महिन्यात खाऊन टाकले होते.

निधीनं बोटाकडे बघितलं. मग डोलायला लागली आणि सुरुवातीपासून म्हणाली, "बेअर पुट ऑन हिज यलो बूट्स अँड रॅन टू द रिव्हर." शब्द आला आणि निघूनही गेला, तिला पत्ता नाही. पाठ केलेल्या ओळीतला मधला शब्द काढायचा म्हणजे असंच, पहिल्यापासून यावं लागतं.

"सुरुवातीपासून नको. हाच फक्त."

निधीनं पुन्हा सुरुवात केली. "बेअर पुट ऑन..."

"निधी. हाच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. निधीचा खालचा ओठ बाहेर आला. तिनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं, बाप खुर्चीतून उठून उभा राहिलेला, पण स्टेजवर यायचं की नाही हे न कळून तिथंच थिजलेला. मग तिनं आईचा पदर धरला आणि हळूच, मराठीत, म्हणाली, "आई, घरी सांगते."

माइक चालू होता. ते सगळ्या हॉलनं ऐकलं. मराठी न येणाऱ्यांनाही समजलं.

रंजिता मॅडम विजेसारख्या स्टेजवर आल्या. निधीला जवळ घेतलं, माइक घेतला. "शी इज टायर्ड, पुअर बेबी! बिग हँड फॉर निधी!" आणि काय टाळ्या पडल्या म्हणता! सबंध दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. पालक उठून उभे राहिले. पवित्रा पोरीशेजारी उभी होती आणि त्या टाळ्या तिला एकेक थोबाडीत बसल्यासारख्या लागत होत्या, कारण त्या तिच्याच विरुद्ध होत्या.

"कोण हो ती मिस?"

"अहो, तिची आईच आहे ती."

"सख्खी आई?"

मग पालकांचं मत घेतलं. पवित्राला वाटलं होतं, निदान आता तरी कुणी विचारेल, की का हो, पोरीला तीन अक्षरांचा शब्द का आला नाही? एकानंही विचारलं नाही. एक आई उठली, डोळे पाणावलेले, म्हणाली, ह्या साध्या पद्धतीत मुलांवर फार ताण दिसतोय, ती शिकवणाऱ्या टीचर स्वतःच्या मुलीला सोडत नाहीत तर आमच्या मुलांचं काय करतील? माना डोलल्या. हात वर झाले ते सगळे अस्वलासाठी. ए सेक्शनच्या पालकांचेसुद्धा. जिनं चुकलेला शब्द आपण होऊन दुरुस्त केला, त्या पोरीच्या आईचासुद्धा.

म्हणजे बघा, नुसती गप्प बसली असती तर अस्वल कदाचित थोडक्यात जिंकलं असतं, कदाचित रंजिता मॅडमनी निर्णय लांबवलाही असता. हिनं खरं बोलून ते कायमचं बसवून दिलं.

घरी पद्मनाभनं निधीचे बूट काढले, रिबिनी सोडल्या, तिला झोपवलं. मग बाहेर आला.

"मी पाठ करून घेतलं, माझं चुकलं," तो म्हणाला. "पण मला बोलायचं होतंस. स्वल्प थांबली असतीस घरी येईपर्यंत. ती तुझ्यासाठी करत होती गं. आई हसेल म्हणून."

"मला माहीत आहे," पवित्रा म्हणाली.

"माहीत असून केलंस?"

तिला कॉलेजातला तो वर्ग आठवत होता, ते हसणं आठवत होतं, आणि ज्या मॅडमनी तिला उभं केलं होतं त्यांच्या जागी आता आपण उभे राहून आलो, हेही लख्ख दिसत होतं. रडली ती खूप. पण रडून काय उपयोग?

सोमवारी रंजिता मॅडमनी बोलावलं. "तू बरोबर होतीस," त्या म्हणाल्या, दार लावून घेऊन. "मला कळत नाही असं समजू नकोस. पण बरोबर असून उपयोग काय पवित्रा? आता ट्रेनिंग घे आणि अस्वल शिकव. नाहीतर तुझं तू बघ."

पवित्रानं ट्रेनिंग घेतलं. निधीची फी ह्याच शाळेत माफ होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या शाळेत जाऊन पहिल्यापासून भांडायची उमेद राहिली नव्हती. अंजलीनं तिला डब्यातली पुरी देत म्हटलं, "सोड ना यार, टेन्शन कशाला घेऊन राहिली तू? पोरं काय, शिकतात आपोआप." पवित्रानं पुरी खाल्ली.

सुट्टीत तिनं निधीला घेऊन बसायचं ठरवलं होतं ना? बसली. पातळ पुस्तिका काढल्या. निधी समोर बसायची, आवाज जोडायची, सांगितलं तेवढं करायची. हुशार पोर, शिकली. पण आईनं पानावर बोट ठेवलं की तिचे खांदे आक्रसायचे. बोट ठेवणं पवित्रानं बंद केलं. पुढं पुढं निधी एकटीच कोपऱ्यात बसून वाचायची, बापाला वाचून दाखवायची, शेजारच्या चंद्राबाई आजींना वाचून दाखवायची. आई खोलीत आली की पुस्तक मांडीखाली जायचं. त्या दिवसाबद्दल घरात कुणी अक्षर काढलं नाही. निधीनंही नाही.

वर्ष गेलं. निधी पहिलीत गेली. पुन्हा वाचनाचा दिवस आला, आता तो शाळेचा मोठा सणच झालेला. नारिंगी तोरणं, दारात माणूस अस्वलाचा पोशाख घालून उभा. पवित्रानं पुस्तकं वेळेवर घरी पाठवली होती, चिठ्ठीसकट. वर्गातही तयारी करून घेतली होती, एक ओळ मी, एक ओळ तुम्ही. आणि ती हे फार चांगलं करत होती, त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. रंजिता मॅडम म्हणाल्यादेखील, पवित्रासारखी तयारी कुणाची नाही.

निहार नावाचा चष्मेवाला मुलगा स्टेजवर आला. चार ओळी झोकात म्हणाला आणि पाचवीला अडला. पान उघडं होतं, ओळ डोळ्यांसमोर होती, तीही साधीसोपी. पण त्याला तिचा काय उपयोग? तो कावराबावरा होऊन इकडेतिकडे बघायला लागला. पुढच्या रांगेत त्याची आई फोन धरून, ओठ दाबून बसलेली. पवित्रा स्टेजच्या पायरीशी होती. तिनं क्षणभरही विचार केला नाही. तिनं त्याची नजर पकडली आणि आवाज न करता, ओठ मोठे हलवून, ओळ सांगितली. निहारचा चेहरा उजळला. गाडी सुटली ती थेट शेवटपर्यंत. टाळ्या. त्याची आई नंतर पवित्राचे दोन्ही हात धरून म्हणाली, "मिस, तुमच्यामुळे वाचायला लागला हो माझा मुलगा."

पहिलीची मुलं बाजूला सतरंजीवर बसली होती. निधी त्यात होती.

घरी जाताना सर्जापूर रोडवर नेहमीसारखी गर्दी. स्कूटर मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि सिग्नलला तीही थांबली. निधी मागे बसलेली, आईच्या कमरेला हात घालून.

"आई, तो निहार विसरला होता ना?"

"हं."

"मग तू त्याला तोंडानं सांगितलंस. मी बघितलं."

"हो, सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

वर्षभरानं आला तो प्रश्न. पवित्राला वाटलं, बरं झालं आला, आता सगळं नीट सांगता येईल. तिनं मान थोडी मागे वळवली आणि शक्य तेवढ्या मायेनं म्हणाली, "तुला खरंखुरं वाचता यावं म्हणून, बाळा."

शेजारच्या बसमधल्या कंडक्टरनं शिट्टी मारली.

"मग निहारला नको यायला?"

पवित्राला उत्तर ठाऊक होतं. निहारच्या वेळी तिला नोकरी टिकवायची होती, आणि निधीच्या वेळी तिला जिंकायचं होतं. एवढंच होतं ते. पण आपल्या पोरीला हे सांगायची छाती तिला झाली नाही.

"घट्ट धर," ती म्हणाली, "ट्रॅफिक बघ किती आहे."